पाचशे बारा माणसांचं गाव

ता. ६ फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानेच रचतेस, म्हणून हे पत्र. विभागीय कार्यालयात मला काम मिळालंय. सध्या सहा महिन्यांच्या बोलीवर, नीट केलं तर कायम करतील. पाच तालुक्यांचा अहवाल करायचाय: गावांत माणसं किती राहिली, किती गेली, उरलेल्यांत हातपाय हलवून कमावणारी किती आणि त्यांची वयं काय. माझ्या टेबलावर आकड्यांचा ढीग आहे, पण आकड्यांत मला माणूस दिसत नाही. आपल्या गावाचं तू लिहून पाठवशील? कोण काय काम करतं, कोणाच्या हाताखाली कोणी नवं तयार झालं का. तुझ्या पद्धतीने लिही, चार फाटे फोडत.

मावशीआजीची साखर कशी आहे? तिला नमस्कार.

आठवण ठेवावी, ही विनंती.
तुझी,
ढबू


ता. १२ फेब्रुवारी

चि. ढबूस,
अ. आ.

तुझं पत्र पोस्टमनने दारात न टाकता माझ्या हातात दिलं. पाकिटावर कार्यालयाचा शिक्का बघून विचारायला लागला, की आजी, या वयात काय गुन्हा केलात? मी त्याला सांगितलं की माझी नात सरकारी कामात आहे आणि तिथे तिचं माझ्यावाचून अडतं. तो संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगून मोकळा झाला. दुसरीच्या बुकापुढे न गेलेल्या बाईला कार्यालय सल्ला विचारतंय, यावर शिंप्याने मान हलवली आणि म्हणाला, मग देशाचं काही खरं नाही. मी त्याला म्हटलं, आधी स्वतःची बटणं नीट लाव.

तर आता कामांचं ऐक. शिंप्यापासूनच सुरू करते. तो एकोणऐंशीचा. पंधरा वर्षांत त्याने कोणाच्या अंगाचं नवं माप घेतलेलं नाही. नुसते कपडे आत घेतो. म्हणतो, सगळं गाव आखडत चाललंय. सुतार हल्ली दारं-खिडक्या करतच नाही, न्हाणीघरात धरायचे दांडे बसवतो आणि पायऱ्यांच्या जागी उतार करतो. त्याच्या हाताखाली कोणी नाही. पाववाला आधी दोनशे पाव काढायचा, आता सत्तर, तेही मऊ, कारण कडक कवच चावायला कोणाला दात आहेत? बसचा ड्रायव्हर सत्तरचा. त्याला निवृत्त करतात आणि दुसरा मिळत नाही म्हणून परत बोलावतात, असं तीनदा झालं. तीनही वेळा निरोप समारंभ झाला, तीनही वेळा भाषण मीच केलं. शाळेत मुलं नऊ आणि मास्तर दोन. मुलाला शिंक आली तरी दोघं मास्तर घाबरतात, की हा गेला तर आपल्यातला एक जाईल.

तरुण पोरं शहराजवळच्या कारखान्यात जातात, फळं डब्यात भरायला. पण बस पोचते आठला आणि पाळी लागते सातला. म्हणून आधी मित्राच्या खोलीवर आठवड्याचे चार दिवस राहतात, मग सहा, मग तिथेच लग्न करतात. बस एक तास आधी सुटली असती तर निम्मं गाव गावात असतं, हे तुझ्या साहेबाला माझ्या नावाने सांग.

धाकटी, तुझी मावशीआजी, बरी आहे. डोळे जवळजवळ गेलेच आहेत, पण जीभ शाबूत आहे. मधली भिंत एकच असल्यामुळे तिचं बोलणं मला अंथरुणातूनही ऐकू येतं, ते बंद करायचं औषध नाही. साखरेची सुई रोज सकाळी सातला नर्सबाई येऊन देते. माझे हात कापतात, तिला दिसत नाही, म्हणजे आम्हा दोघी बहिणींचे मिळून दोन डोळे आणि नर्सबाईचे दोन हात, असं आमचं चाललंय. नर्सबाई आहे म्हणून आम्ही इथे आहोत, नाहीतर धाकटीला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. तिथे म्हणे चहा साडेतीनलाच देतात आणि बोलायला मनाई आहे. ती चार दिवसांत मरेल.

अगं, नर्सबाईवरून आठवलं. तीन वर्षांमागे मोजणी झाली तेव्हा वरून कळलं होतं की पाचशे माणसं नसली तर नर्सची जागा काढून घेणार. मग आम्ही काय केलं सांगू? मोजणीवाला यायच्या दिवशी सगळ्यांनी बाहेर गेलेल्या पोरासोरांच्या गाद्या उन्हात घातल्या. तो बिचारा बारीक चष्मेवाला, घरात माणसं किती विचारायचा आणि दोरीवरच्या गाद्या मोजून मान डोलवायचा. शिंप्याची तिन्ही पोरं तीन शहरांत, त्याने चार गाद्या टांगल्या. गावच्या प्रमुखांकडे गाद्या कमी पडल्या तर सुताराची मोठाल्या फुलांची गादी मागच्या बोळातून पळवत नेली. मोजणीवाला म्हणाला, या गावात हे कापड फारच खपलेलं दिसतंय! मी तोंडात पदर कोंबून घरात पळाले. शेवटी निघाले पाचशे बारा. तशी ती खोटी माणसं थोडीच आहेत? आहेतच की आमची, फक्त इथे झोपत नाहीत एवढंच.

हे मात्र आपल्या दोघींतच ठेव. प्रमुखांना कळलं तर माझी जीभ कापतील.

तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो विसरू नकोस.
तुझी,
आजी


ता. २० फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फुलांच्या गादीपाशी एवढी हसले की शेजारच्या टेबलावरचे साहेब बघायला लागले. काळजी करू नकोस, आपल्या दोघींतच राहील. शब्द देते.

आता आणखी एक काम कर. जमेल तसं घरोघर जा आणि लिही, की त्या घरात खरोखर रोज कोण झोपतं, वय किती, काय काम करतं. नावं नकोत. मला फक्त समजून घ्यायचंय, की कागदावरचं गाव आणि खरं गाव यांत अंतर किती पडलंय. तुझ्याइतकं हे कोणालाच जमणार नाही, कारण तुझ्याशी कोणी खोटं बोलत नाही.

गुडघ्याला जपून. एका दिवसात सगळं करू नकोस.

माझ्यावर माया असू दे.
तुझी,
ढबू


ता. ९ मार्च

चि. ढबूस,
अ. आ.

झाली यादी! सोबत वहीची अकरा पानं जोडतेय. अक्षर वेडंवाकडं आहे पण खोटं एकही नाही. सहा दिवस लागले. तसं काम तीनच दिवसांचं, बाकीचे तीन चहात गेले.

मी सगळ्यांना सांगितलं की माझ्या नातीला तुम्हा सर्वांची खुशाली हवी आहे. कोणी नाही म्हणालं नाही. उलट ज्यांच्याकडे मी दुसऱ्या दिवसापर्यंत पोचले नाही ते रुसले. पाववाल्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, आम्ही काय गावात राहत नाही? सुताराने मागोमाग माझ्या घरी येऊन मला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीच्या पायाखाली लाकडाची चकती ठोकून दिली, म्हणाला तुमचं घर डावीकडे कललंय हे माहीत आहे, निदान तुम्ही तरी सरळ बसा. वरच्या आळीतली म्हातारी, जी माझ्याशी नऊ वर्षं बोलत नव्हती, ती बोलली. भांडण कशावरून होतं हे दोघींनाही आठवेना. मग दोघींनी मिळून तिसरीवर ढकललं.

घरं एकशे त्रेसष्ट. त्यांतली एक्केचाळीस कुलपं. हे मला माहीत आहे असं वाटत होतं, पण एकेक दार चालत जाऊन लिहिलं तेव्हा कळलं. बेरीज मी चार वेळा केली, मास्तरांकडून पाचव्यांदा करून घेतली. तीनशे एकाहत्तर. त्यांत साठीच्या वरची दोनशे सोळा. मास्तर फळा पुसत राहिले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

बरं, आपल्या घरात मी दोन लिहिलेत. मी आणि तू. इथे नियम मोडलाय, पण तुझी गादी मी दर रविवारी उन्हात घालते, त्या मोजणीवाल्यासाठी नाही, अशीच. तेवढं चालवून घे.

तुझ्या साहेबाला म्हणावं, यादीचं काम कुणी केलं ते विचारा. आणि मग सांग, की आजीने.

पत्राला उशीर कर, पण मायेला करू नकोस.
तुझी,
आजी


ता. १८ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

यादी मिळाली. आमच्या तीन माणसांनी महिनाभरात केलं नसतं एवढं काम तू एकटीने केलंस. इथे अहवालाची धावपळ चालू आहे, सविस्तर नंतर लिहिते. मावशीआजीला नमस्कार.

तुझी,
ढबू


ता. २७ मे

चि. ढबूस,
आशीर्वाद.

दोन महिने तुझं पत्र नाही, तेव्हा मला वाटलं पोरगी दमली असेल. शिंप्याने डिवचलं की कार्यालयाला आता दुसरी आजी सापडली वाटतं, तर मी त्याच्यावर तुटून पडले. परवा कळलं, तू का लिहीत नव्हतीस.

प्रमुखांनी सगळ्यांना शाळेत बोलावलं. तुझा अहवाल आला होता, चांगला जाडजूड, वर पाच तालुक्यांचा नकाशा. मी पुढच्या बाकावर जाऊन बसले, आणि शेजारणीला सांगितलंसुद्धा, की हे माझ्या नातीचं आहे. धाकटीला हाताला धरून नेलं होतं, तिलाही ऐकायचं होतं. प्रमुख वाचायला लागले. आमचं गाव बाविसाव्या पानावर आहे. नोंद पाचशे बारा, प्रत्यक्ष तीनशे सत्तर, माझ्या बेरजेहून एक कमी. आणि त्याखाली, मला पाठ झालंय, की अनुपस्थित व्यक्तींच्या गाद्या बाहेर टांगून त्यांची उपस्थिती भासवण्यात आली, असे एका ज्येष्ठ रहिवासी महिलेने कळवले.

प्रमुखांनी तिथे थांबून चष्मा काढला. कोणी माझं नाव घेतलं नाही, गरजही नव्हती. सहा दिवस वही घेऊन घरोघर कोण फिरलं होतं? पाववाल्याची बायको हळूच म्हणाली, खुशाली हवी होती म्हणे.  शिंपी साठ वर्षांत एकदाही टोमणा मारल्याशिवाय निघालेला मी पाहिला नव्हता. त्याने टोपी उचलली आणि माझ्या बाकाला वळसा घालून गेला.

एक जुलैपासून नर्सबाईची जागा इथून उठणार. ती काल सकाळी सुई द्यायला आली, नेहमीसारखीच, धाकटीशी गमतीजमती करत. जाताना मला म्हणाली की आजी, मला तुमचा राग नाही, मला कुठेतरी नोकरी आहेच. ती रागावली असती तर बरं झालं असतं. धाकटीने आपल्या दोन पातळांची घडी घालून पिशवीत ठेवलीय. अजून महिना आहे, मी म्हटलं, तर म्हणते, आंधळीने वेळेवर आवरायला लागावं. एवढी बोलकी बाई, पण मला एका शब्दाने बोलत नाही. भिंतीपलीकडून आवाज येत नाही, तो मला जास्त ऐकू येतो.

तू शब्द दिला होतास गं. मी मागितलासुद्धा नव्हता. नुसतं ठेव म्हटलं होतं, शब्द तू आपणहून दिलास. अहवालात घालायचंय असं सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, तू रुसली असतीस, मी समजूत काढली असती. घराघरांत चालतं तेवढंच झालं असतं. तू म्हणालीस, माझ्याशी कोणी खोटं बोलत नाही. कौतुक वाटलं होतं मला.

आणि आपल्या घरापुढे तू एक केलंस. एकटी वृद्ध स्त्री, असं छापलंय. ते खरंच आहे. पण तुझ्या हाताने.

आजी


ता. ३ जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

काय लिहू ते कळत नाही, तरी लिहिते. मला माहीत होतं. तुझं गाद्यांचं पत्र वाचतानाच मला नर्सच्या जागेचा नियम माहीत होता. शब्द दिला तेव्हा पाळायचाच होता. पण पाच तालुक्यांत एकट्या आपल्या गावाचा आकडा इतर नोंदींशी जुळत नव्हता, साहेबांनी तीनदा विचारलं, आणि उत्तर माझ्या पिशवीत होतं. मी ते बाहेर काढलं. त्या दिवशी साहेब म्हणाले, की अशी माणसं आम्हाला कायमची हवीत.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. नर्सची जागा हवेत जात नाहीये. कारखान्याच्या पलीकडच्या वस्तीत दोन वर्षांत चाळीस बाळं जन्मली, तिथे नर्स नाही. त्यांच्या आया पाळी संपवून बाळाला घेऊन नऊ मैल चालतात. त्यांत आपल्या गावच्याही मुली आहेत. खोट्या गाद्यांमुळे ती जागा तिथे गेली नाही. हे तुला आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

प्रमुखांनी हरकत घेतली आहे, म्हणून फेरतपासणीचे साहेब १६ तारखेला येतील आणि यादी तुझी का, एवढंच विचारतील. कार्यालयात यादीची टाईप केलेली प्रत आहे. तुझी मूळ पानं घरची पत्रं म्हणून मी दिली नाहीत, माझ्याकडेच आहेत. तू हो म्हणालीस की अहवाल मंजूर होईल. नाही म्हणालीस तर यादी मी मनाने रचली असं होईल. मावशीआजीसाठी मी इथे चांगली खोली बघतेय, खर्च माझा.

मला माफ कर असं म्हणायचं धाडस नाही. हो म्हण, एवढीच विनंती.

तुझी,
ढबू


ता. १९ जून

चि. ढबूस,

तुला आशीर्वाद देऊ की नको यात एक कागद फाडला. देतेच. घे.

साहेब आले. शाळेत मोठी खुर्ची नाही, म्हणून मुलांच्या बाकावर बसले आणि त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले. चांगला माणूस वाटला. मला आधी पाणी विचारलं. खिडक्यांत सगळं गाव उभं होतं. त्यांनी तुझा छापील कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं की आजी, ही यादी तुमची का? पहिलीच ओळ होती, शिंपी, वय एकोणऐंशी, एकटा. माझेच शब्द, फक्त सरळ रेषेत उभे केलेले.

मी कागद उचलला आणि उलटा धरला.

साहेबांनी हळूच तो माझ्या हातात सुलटा केला. मी म्हटलं, मला दोन्हीकडून सारखाच दिसतो हो, मी शाळेत गेलेली नाही. ते म्हणाले, मग घरोघर कोण फिरलं? मी म्हटलं, म्हातारीला उद्योग काय, गप्पा मारायला फिरते. मास्तर कोपऱ्यात उभे होते. रोजचं वर्तमानपत्र माझ्यानंतर त्यांच्याकडे जातं. ते छपराकडे बघत राहिले. साहेबांनी जबाब लिहिला, वाचून दाखवला, आणि सही येते का विचारलं. मी अंगठा पुढे केला. त्यांनी शाईच्या डबीत धरून स्वतः उमटवला, आणि माझ्या हाताला कंप आहे म्हणून मनगटही धरलं. बाहेर कोणी हसलं नाही. मी या गावात पंचावन्न वर्षं सगळ्यांची पत्रं वाचून दाखवली, लिहून दिली, आणि त्या सगळ्यांनी मला अंगठा लावताना बघितलं.

जाताना साहेब प्रमुखांना म्हणाले, की मग त्या मुलीला उत्तर द्यावं लागेल. एक तारखेपर्यंत मुदत आहे तिला.

त्या संध्याकाळी पाववाला गरम पाव घेऊन आला. शिंप्याने माझी जुनी कापडी पिशवी मागून नेली आणि शिवून आणली, वर एक टोमणाही मारला. सगळे इतके गोड बोलतायत, की ते मला घशाखाली उतरत नाही. ही माझी किंमत नाही, तुला खोटी पाडल्याची आहे. धाकटीने पातळं पिशवीतून काढली आणि मला म्हणाली, ताई, पोरीचं काय होणार? मी तिला म्हटलं, तू तुझी साखर सांभाळ.

तू मला फसवलंस आणि मी तुला चारचौघांत खोटी ठरवलं. यात फिटंफाट झाली असं मला वाटत नाही. दोन्ही गोष्टी तशाच उभ्या आहेत. त्या चाळीस बाळांचंही मी ऐकून सोडलेलं नाही. नऊ मैल फार होतात. तू बरोबर असशील. पण बरोबर असणाऱ्या माणसाला आपल्या आजीला सांगायची भीती का वाटावी, हे मला कळलेलं नाही. आणि खोली बघू नकोस. धाकटी सामान नाही.

प्रमुखांनी मला बजावलंय, की नातीला आता एक ओळही लिहायची नाही, माझं अक्षर हाच पुरावा. म्हणून हे पत्र पोस्टमनला न देता ड्रायव्हरकडे देतेय, तो शहरातल्या पेटीत टाकेल. तुझ्याकडे माझी अकरा पानं आहेत. ती साहेबापुढे ठेवलीस तर तुझी नोकरी राहील, मी सरकारदरबारी खोटारडी ठरेन आणि नर्सबाई पलीकडे जाईल. ठेवली नाहीस तर तुझं काम जाईल आणि ती इथे राहील. पानं पुरेशी नसतील तर हे पत्रही आहे. यात मी सगळं कबूल केलंय आणि खाली पूर्ण सही करतेय, तारीख वर घातलीच आहे.

काय करशील ते कर. मी सांगणार नाही आणि तूही मला कळवू नकोस. एक तारखेला सकाळी सात वाजता भिंतीपलीकडे धाकटीचं दार वाजलं की नाही, त्यावरून मला समजेल.

तुझीच,
आजी